पंचनामा चावडीवर वाचला पाहिजे

(मुलुंड येथे कोकणातील बागायतदार कुटुंबांच्या बैठकीत केलेले भाषण)



अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड येथून तुम्ही आज आलात. तुमच्या दारावरच्या पाटीवर 'शेतकरी' असे लिहिलेले नाही. पण श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगडच्या सात-बारावर तुमचे नाव आहे. म्हणूनच जे बोलायचे ते गावात न बोलता येथे बोलतो आहे.

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढले. मुंबई थोडक्यात वाचली आणि आपण सुटकेचा निःश्वास टाकला. त्याच दुपारी दिवेआगर-श्रीवर्धनच्या वाड्या आडव्या झाल्या. टाळेबंदी होती, जिल्ह्याबाहेर जायला पास लागत होता. गावाला फोन लागत नव्हता, कित्येक वाड्यांवर आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. आपण येथे आणि बाग तेथे.

मग मदत जाहीर झाली. फळबागेला हेक्टरी १८,००० रुपये मिळत असत, ते ५०,००० केले. मर्यादा २ हेक्टर. आकडा ऐकायला मोठा वाटतो. पण कोकणात हेक्टराची वाडी कितीजणांची? आपला हिशेब गुंठ्यांचा. हेक्टरी ५०,००० म्हणजे गुंठ्याला ५००. दहा गुंठ्यांची वाडी मुळासकट गेली तर ५,००० रुपये! सुपारीचे नवे झाड धरायला सहा-सात वर्षे जातात. पडलेली झाडे तोडून वाडी साफ करण्यातच ते पैसे संपले. ओरड झाली, तेव्हा झाडामागे दर ठरला : सुपारीला ५० रुपये, नारळाला २५०. मोजणी झाडाची व्हायला हवी हे सरकारला पटले, ही चांगली गोष्ट. पण ते वादळानंतर पटले, आधी नाही.

आता घरची गोष्ट सांगतो. आमच्या वाडीच्या सात-बारावर अकरा नावे. धाकटा भाऊ गावी राहून वाडी करतो. त्याला कार्यालयात सांगितले, सगळ्या हिस्सेदारांचे संमतीपत्र आणा. अकरांतले सातजण मुंबईच्या उपनगरांत. तो बिचारा रोज फोन करी. कार्यालयाला मी चार शिव्या दिल्या. पण खरे सांगतो, माझी स्वतःची सही तीन आठवडे उशिरा गेली. का? मनात आले, पैसे हा एकटाच खाईल. ज्याने पावसात उभे राहून पडलेली झाडे मोजली, त्याच्यावर मी, सख्ख्या थोरल्या भावाने, विश्वास ठेवला नाही.

तेव्हा सरकारवरचा विश्वास उडाला असे म्हणताना जरा थांबा. सरकार शेतकऱ्याला खोटा समजते म्हणून कागदावर कागद मागते. शेतकरी सरकारला खोटे समजतो म्हणून दहा झाडांची पंधरा सांगतो. भाऊ भावाला खोटा समजतो म्हणून सही अडवतो. ही एकच साखळी आहे. ती भाषणाने तुटणार नाही, उघड्या हिशेबाने तुटेल.

तुम्ही उपनगरवाल्यांनी हे आधीच पाहिले आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, कुलाब्याला ७३ च्या आसपास. शहराच्या एका टोकाला काय चालले आहे ते दुसऱ्या टोकाला कळले नाही. साकीनाक्याला दरड कोसळून झोपड्या गाडल्या गेल्या. त्या रात्री माणसाला माणसाने वाचवले, अनोळखी घरांनी दारे उघडली. पुढे माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तिचा अहवाल आला. पण 'यादीत नाव आहे का' आणि 'नसेल तर का नाही' या साध्या प्रश्नांसाठी गरिबाला दारोदार फिरावे लागले. विश्वास जातो तो पावसाने जात नाही, या फिरण्याने जातो.

तो परत मिळवता येतो. ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे मेली. त्यानंतर तेथे निवारे बांधले, गावोगाव माणसे तयार केली, सूचना वेळेवर देऊ लागले. २०१३ च्या 'फायलिन' वादळाआधी दहा लाखांच्या आसपास लोक हलवले गेले आणि मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली. घरदार, गुरे सोडून माणूस निघतो, कारण सांगणाऱ्याचा शब्द त्याला खरा वाटतो.

म्हणून आपले मागणे साधे आहे. पंचनाम्याची प्रत जागेवरच शेतकऱ्याच्या हातात द्या. नाव, झाडे आणि रक्कम यांची यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचा आणि चावडीवर लावा. ज्याचे खोटे असेल त्याला गावच गप्प करील. झाडामागचा दर वादळाआधी ठरवा. सामायिक सात-बारा असेल तर वाडी करणाऱ्याला पैसे द्या आणि हरकतीला ठराविक मुदत ठेवा. आम्ही दया मागत नाही, हिशेब मागतो.

आणि एक काम आपले स्वतःचे. मे महिन्यात गावी जाल तेव्हा आंबे आणाच, पण आधी तलाठ्याकडे जा. मेलेल्या आजोबांचे नाव अजून सात-बारावर असेल तर वारसनोंद करा. वाटप होत असेल तर करून टाका. होत नसेल तर गावच्या भावाला आजच संमतीपत्र लिहून द्या. 'निसर्ग'नंतर वर्षाच्या आत, मे २०२१ मध्ये, 'तौक्ते' आलेच होते. पुढचे वादळ आपल्या सहीसाठी थांबणार नाही.

माझ्या भावाला मी ते पत्र दिले आहे. द्यायला उशीर झाला, एवढीच लाज वाटते.