दोन तासांवरची काशी

पुण्याहून काशी किती लांब, असा प्रश्न कोणी केला तर त्याचे उत्तर आज एका वाक्यात देता येते. लोहगावचा विमानतळ आणि वाराणसीजवळचा बाबतपूरचा विमानतळ यांमधील सरळ हवाई अंतर सुमारे 1200 किलोमीटर आहे आणि थेट विमानाला ते कापण्यास दोन तासांच्या आसपास लागतात.

हिशेबी माणूस विचारील की, विमानाचा वेग ताशी 800 किलोमीटर असताना दीड तास का पुरत नाही? पण तो वेग उंच आकाशातला. धावपट्टीवर येणे, वर चढणे आणि उतरण्यापूर्वी वेग आवरणे यांत अर्धा तास सहज जातो. शिवाय वाराही आपला हिशेब मांडतोच. हिवाळ्यात त्या उंचीवर पश्चिमेचा वारा जोराने वाहतो. जाताना तो पाठीशी असतो, परतताना समोरून येतो. म्हणून परतीला थोडा अधिक वेळ लागतो.

आता हेच अंतर पायी मोजून पाहा. रोज 25 किलोमीटरची मजल धरली, तरी वाटेच्या वळणांसह दोन महिने हवेत. विष्णुभट गोडसे 1857 साली कोकणातील वरसईहून उत्तरेकडे निघाले. बंडाच्या धामधुमीतून जीव वाचवून परतताना त्यांनी आईवडिलांसाठी काशीहून गंगेची कावड खांद्यावर आणली. अंतर मोठे होते. पण त्यांनी ते कारण म्हणून पुढे केले नाही.

मी मात्र केले. माझ्या आईने लग्नानंतर पाच वर्षे श्रावणात मंगळागौर पुजली होती. काशीत पंचगंगा घाटावर मंगला गौरीचे देऊळ आहे, हे तिने सासूबाईंकडून ऐकले होते. ‘एकदा पाहायचं आहे,’ असे ती म्हणे. ‘लांब आहे, पुढच्या वर्षी जाऊ,’ असे मी म्हणे. यात वीस वर्षे गेली. अखेर निघालो, तेव्हा तिला ऐंशीवे लागले होते. बाबतपूरला विमान टेकले तेव्हा तिने विचारले, ‘आली काशी? मग इतकी वर्षं लांब काय होतं रे?’

त्याचे उत्तर पुढे मिळाले. विमानतळापासून शहराचे पंचवीसएक किलोमीटर ओलांडण्यास तासाहून अधिक वेळ लागला. मग मोटार थांबली आणि गल्ल्या सुरू झाल्या. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा हा सारा परिसर पिढ्यान्‌पिढ्या मराठी कुटुंबांच्या वस्तीचा. त्या अरुंद दगडी वाटांवर आई दर दहा पावलांनी भिंतीला टेकत होती. थोड्याशा वाटेला पाऊण तास लागला. गभस्तीश्वर आणि मंगला गौरी एकाच देवळात आहेत. आई देवीपुढे बसली आणि पुष्कळ वेळ काही बोलली नाही.

1200 किलोमीटर विमानाने दोन तासांवर आणून ठेवले. शेवटची काही पावले मात्र आईच्या गुडघ्यांनीच चालावयाची होती आणि वीस वर्षांपूर्वी ती तिला सहज चालता आली असती. ज्यांच्या घरी कोणी ‘एकदा पाहायचं आहे’ असे म्हणत असेल, त्यांनी विमानाच्या वेळापत्रकाआधी हे अंतर मोजावे.