ओवी कोणाची, हे लिहून ठेवू या
(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



विद्यापीठात मी 'डिजिटल मानव्यविद्या' हा विषय घेतल्यापासून आपण मला एकच प्रश्न विचारीत आला आहात : "अगं, तू संगणक शिकतेस की वाङ्मय?" त्याचे उत्तर आज देते. मी दोन्ही शिकते. भाषा, इतिहास, कला यांचा अभ्यास संगणकाच्या साहाय्याने करावयाचा आणि संगणकाच्या हातून काय निसटते, याकडेही डोळा ठेवावयाचा, असा हा विषय आहे.

याच्या आरंभाशी रॉबेर्तो बूझा या इटालियन धर्मगुरूंचे नाव घेतात. तेराव्या शतकातील टॉमस अक्विनास यांच्या लॅटिन ग्रंथांतील शब्दन् शब्दाची सूची त्यांना करावयाची होती. संबंधित लेखन धरून हे शब्द भरले सुमारे एक कोटी दहा लाख! १९४९ मध्ये त्यांनी अमेरिकेत आय.बी.एम. कंपनीच्या प्रमुखांची भेट घेतली आणि यंत्रांचे साहाय्य मिळविले. पुढे त्या सूचीचे छप्पन खंड छापले गेले.

पण भगिनींनो, यंत्र काही आपण होऊन ग्रंथ वाचीत नव्हते. एकेक शब्द भोके पाडून कार्डावर उतरवावा लागे, आणि हे काम इटलीतील गालाराते या गावी बहुतांशी तरुण मुलींनी केले. ग्रंथामुळे नाव झाले ते बूझा यांचे. त्या मुली वृद्ध झाल्या, तेव्हा कुठे ज्युलिॲन नायहन प्रभृती संशोधकांनी त्यांचा शोध घेऊन मुलाखती घेतल्या.

आमच्या अभ्यासात पदोपदी हाच अनुभव येतो. 'घर', 'घराला', 'घरातून' हा एकाच शब्दाचा संसार आहे, हे आपल्या घरातले मूलही जाणते; संगणकाला ते शिकवावे लागते. जुन्या मराठी पुस्तकाचे पान त्याच्यापुढे ठेवले, तर पुसट जोडाक्षरापाशी तो हमखास अडखळतो. तेथे मराठी जाणणाऱ्या माणसाचीच नजर लागते.

आपल्या जवळचे उदाहरण सांगते. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. दोघेही आज हयात नाहीत. पण २०१७ पासून 'पारी' हे ग्रामीण भारताचे संग्रहालय त्या ओव्या इंटरनेटवर प्रसिद्ध केल्या. ओवीबरोबर तेथे गाणारणीचे नाव आणि गाव दिलेले असते. मला यातले मोल ओवीइतकेच त्या नावात वाटते. एरवी आपण "कोणा अनाम स्त्रीची ओवी" असे म्हणून मोकळ्या झालो असतो.

आता थोडे घरचे बोलते. मंडळाच्या कपाटातील इतिवृत्ताच्या वह्या मी परवा चाळल्या. पहिल्या वहीचे कागद इतके ठिसूळ झाले आहेत की, पान उलटताना कडा हातात येतात. त्यांत हजेरी आहे ती 'सौ. जोशी', 'सौ. पाटील', 'सौ. देशमुख' अशी. यांतल्या सुमतीबाई कोण आणि कमलताई कोण? छायाचित्रांच्या पाठी तर कोऱ्याच आहेत. मंगळागौरीच्या त्या जुन्या फोटोत फुगडी घालणाऱ्या दोघी कोण, हे सांगू शकतील अशा या सभागृहात फार तर चारपाच जणी असतील.

वह्यांची छायाचित्रे मी काढीन, यादी करीन, ती संगणकात नीट लावूनही ठेवीन. नावे मात्र कोणतेही यंत्र सांगणार नाही. ती आपल्या स्मरणात आहेत आणि आपल्याबरोबरच जातील. म्हणून विनंती करते की, ज्येष्ठ भगिनींनी येत्या शनिवारी दुपारी कार्यालयात यावे आणि घरचे जुने फोटो सोबत आणावेत. ज्यांना चालवत नाही, त्यांच्या घरी मी वही घेऊन येईन. कोणाला आपले नाव वा गाणे चारचौघांत जाऊ नये असे वाटले, तर तेही स्पष्ट सांगावे. तशी नोंद करून ते मंडळापुरतेच ठेवू.

चष्मा मात्र विसरू नका. चहा माझ्याकडे लागला.