सुट्या पैशांतली पारख



आजचा विषय पाहून कोणी विचारील की, वसंतातल्या या ज्ञानसत्रात खिशातल्या चिल्लरीचे काय काम? परंतु जी वस्तू दिवसातून दहा वेळा आपल्या हातून जाते, तिच्याकडे आपण क्वचितच पाहतो. आणि न पाहता निकाल मात्र देतो. नाणे जरा वेगळे दिसले की ते खोटे! हा न्याय किती लंगडा आहे, ते मला आज सांगावयाचे आहे.

नाण्यांची पारख आपल्या भूमीला नवी नाही. आपल्याच तालुक्यातल्या दाभोळ बंदराच्या नावाने सतराव्या शतकात दुसऱ्या अली आदिलशहाने 'लारी' पाडल्या. लारी म्हणजे चांदीची तार दुमडून तिच्यावर ठसा मारलेले, केसांच्या आकड्यासारखे दिसणारे नाणे. पुष्कळ लाऱ्यांवर छिन्नीचे घाव आढळतात. आत चांदीच आहे ना, हे पाहण्यासाठी ते घातलेले असत. रूप चमत्कारिक, अंगावर घाव, तरी नाणे खरे! सरकारी खजिन्यात नाणी पारखणारा तो पोतदार. ते काम आता राहिले नाही, पण पारखण्याची गरज राहिली आहे.

पोतदारकीचे सूत्र एकच आहे. नाण्यात वेगळेपण दिसले की विचारावे, ते आले केव्हा? ठरवून, ठसा पडताना चुकून, की टांकसाळीबाहेर पडल्यावर कोणाच्या हातून?

ठरवून आलेले वेगळेपण सर्वांत अधिक. दहाचे नाणे घ्या. कोणावर रुपयाचे चिन्ह आहे, कोणावर नाही. कोणावर दहा रेषा, कोणावर पंधरा. चिन्हाचा उलगडा सोपा आहे. ते 2010 साली ठरले आणि 2011 पासून नाण्यांवर आले; त्यापूर्वीच्या नाण्यांवर ते असणार कसे? 2018 च्या जानेवारीत रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केले की, तोवर निघालेले दहाच्या नाण्यांचे चौदाही नमुने चलनात वैध आहेत. वर्षाच्या आकड्याखालची खूणही अशीच. चौकट असेल तर टांकसाळ मुंबईची, चांदणी हैदराबादची, ठिपका नोएडाचा. काहीच नसेल तर बहुधा कोलकात्याची. 1985 च्या काही रुपयांवर 'एच' हे इंग्रजी अक्षर दिसते. ते नाणे बर्मिंगहॅमला पाडलेले. मौज अशी की, 1992 पासून निघालेला पोलादी रुपया आणि 2011 चे दोन रुपये, दोन्ही 25 मिलिमीटर रुंद आणि 4.85 ग्रॅम वजनाचे! तेव्हा मोड घेताना आकडा वाचावा. बोटांवर विसंबू नये.

लोहचुंबकाचेही तसेच. पोलादी रुपया चुंबकाला चिकटतो, त्यापूर्वीचा तांबे-निकेलचा चिकटत नाही. आणि दोन्ही खरे.

दुसरा प्रकार टांकसाळीतल्या चुकीचा. पत्र्यातून कोरी चकती कापताना पाते आधीच्या भोकावर चढले तर नाण्याला चंद्रकोरीसारखा तुकडा कमी पडतो. अशा वेळी बरोबर समोरची कड पुष्कळदा पुसट उठते, कारण दाबाखाली धातूला तिथे पुरेसा आधार मिळालेला नसतो. कानशीने घासलेल्या नाण्याची समोरची कड मात्र ठसठशीत राहते. नाणे ठशालाच चिकटून राहिले तर पुढच्या चकतीवर त्याचे चित्र उलटे आणि खोलगट उमटते. दोन नाणी शेगड्यात दाबून ही नक्कल करणारेही आहेत. पण त्यात नाण्याची पाठ चेपते, आणि ती चेपलेली पाठच त्यांची लबाडी सांगते.

तिसरा प्रकार म्हणजे बिघडवलेली नाणी. खेडला रुळावर ठेवून चपटी केलेली, दागिन्यासाठी कडी डागलेली, सोन्याचे पाणी दिलेली, दहाच्या नाण्याचा मधला तुकडा काढून घेतलेली. यांना दुर्मिळ म्हणणे म्हणजे फाटक्या धोतराला नवी तऱ्हा म्हणणे होय. 2011 चा नाणे कायदा सांगतो की, विद्रूप केलेले किंवा ठरल्यापेक्षा वजन घटलेले नाणे वैध चलन राहत नाही.

या अज्ञानाची किंमत दोघे देतात. एक, भोळा मनुष्य. जुन्या नाण्याला लाखो रुपये देतो, आधी थोडे शुल्क भर, असे कोणी सांगतो आणि तो भरतो. रिझर्व्ह बँकेच्या नावाने असे प्रकार होऊ लागले, तेव्हा 2021 च्या ऑगस्टमध्ये तिला जाहीर इशारा द्यावा लागला की, अशा व्यवहारांशी आपला संबंध नाही आणि त्यासाठी आपण कसलेही शुल्क घेत नाही. दुसरी, हर्णैची मासळी टोपलीत घेऊन दारोदार फिरणारी बाई. दिवसभराच्या कमाईतली दहाची नाणी दुकानदाराने परत केली, तर तिने संध्याकाळचे तांदूळ कशाने घ्यावे?

लोकमान्यांचे मूळ गाव चिखलगाव आपल्या तालुक्यातले. बाबासाहेबांच्या बालपणीचा काही काळ दापोलीत गेला. लोकमान्यांचे पाचाचे नाणे 2007 चे, बाबासाहेबांचे दहाचे 2015 चे. ओळखीचे नाही म्हणून असे नाणे नाकारणे म्हणजे घरच्याच माणसाला दारातून परत पाठविणे होय. उद्या हातात अनोळखी नाणे आले तर ते फेकू नका आणि लाखांची स्वप्नेही पाहू नका. आधी उजेडात धरून नीट वाचा. इतकी विनंती करून मी आपली रजा घेतो.