तियात्रातील त्रिकूट आणि आपले गायन
(ज्युबिली महोत्सवानिमित्त पाली येथे दिलेले व्याख्यान)



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगी ख्रिस्ती माणसाच्या गायनाविषयी चार शब्द सांगावेत अशी मला आज्ञा झाली आहे. विषय समुद्राएवढा आहे. मी त्याचा एकच काठ धरून चालणार आहे. तो कोणता, हे आपण ओळखलेच असेल. आपल्या तरुण मंडळींनी ज्युबिलीच्या संमेलनात तीन-चार आवाजांचे जॅझ पद्धतीचे गायन बसवावे, त्यास गिटार व ढोलाची साथ घ्यावी आणि मध्ये थोडे नाट्य व थोडे काव्यवाचन गुंफावे, असे योजिले. वडीलधाऱ्यांपैकी काहींनी हरकत घेतली. “हे हॉटेलातले गाणे; देवळाच्या आवारात त्याचे काय काम?” असा त्यांचा प्रश्न आहे. प्रश्न अवाजवी नाही, आणि तो विचारणाऱ्यांची भक्ती तर निःसंशय आहे. म्हणूनच त्याचे उत्तर थट्टेने किंवा रागाने न देता, आपल्या शेजारी गोव्यात व मुंबईत खरोखर काय घडले ते पाहून द्यावे, असे मला वाटते.

संगीत, नाट्य आणि साहित्य यांची एकत्र गुंफण आपल्याकडे नवी नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांचे संगीत शाकुंतल 1880 साली पुण्यास रंगभूमीवर आले. त्यानंतर बारा वर्षांनी, 17 एप्रिल 1892 रोजी, मुंबईच्या न्यू आल्फ्रेड थिएटरात ‘इटालियन भुरगो’ हा कोंकणी खेळ झाला. त्या वर्षी 17 एप्रिलला ईस्टरचा रविवार होता. प्रभूच्या पुनरुत्थानाच्या दिवशीच गोमंतकीय ख्रिस्ती माणसाच्या रंगभूमीचा जन्म झाला म्हणावयाचा. लुकासिन्य रिबेरो यांनी मुंबईस आलेल्या इटालियन ऑपेऱ्याचा धडा घेऊन हा खेळ रचिला. त्यांच्या सोबत्यांत जुआंव आगुस्तीन्य फेर्नांदिस हे तरुण होते. त्यांनी पुढे स्वतःचे अनेक खेळ लिहिले आणि लोक त्यांना तियात्राचे जनक म्हणू लागले. त्यांच्या पत्नी रेजिना या तियात्राच्या रंगभूमीवर उभ्या राहिलेल्या पहिल्या स्त्री होत. ज्या काळी मराठी संगीत नाटकांत स्त्रियांची कामे पुरुष करीत, त्या काळी एका ख्रिस्ती गृहिणीने हे धाडस केले, ही गोष्ट आपल्या मुलींनी ध्यानात ठेवावी.

तियात्राची रचना मोठी चमत्कारिक आहे. आपल्या संगीत नाटकात पद कथेच्या ओघात येते. शकुंतला गाते ती शकुंतला म्हणूनच. तियात्रात तसे नाही. सहा-सात प्रवेश असतात, आणि प्रत्येक प्रवेश संपला की पडदा पडतो. आता पडद्यामागे देखावा बदलावयाचा, तोवर प्रेक्षकांनी काय करावे? तर पडद्यापुढे गायक येतात आणि ‘कांतारां’ म्हणतात. या कांतारांचा कथेशी काही एक संबंध नसतो. कोणी एकटाच गातो, कधी दोघे, कधी तिघे, कधी चौघे. विषय म्हणाल तर सासूसुनेच्या भांडणापासून सरकारच्या अन्यायापर्यंत कोणताही. पोर्तुगीज अमदानीत गोव्यात तियात्राची संहिता आधी अधिकाऱ्यांपुढे तपासणीस ठेवावी लागे; कांताराचा शब्द काय सामर्थ्याचा होता, हे यावरूनच कळावे. बातमी, उपदेश, विनोद आणि गायन ही सगळी त्या दहा मिनिटांत मावत. मला विचाराल तर तियात्राचा प्राण नाटकात नसून पडद्यापुढच्या या चिंचोळ्या जागेत आहे. नाटके पुष्कळदा बेताचीच असत.

या कांतारांपैकी तिघांचे कांतार, ज्यास तेथे ‘त्रिओ’ म्हणतात, ते आपल्या वादाच्या अगदी जवळचे आहे. कन्सेप्शन, नेल्सन आणि अँथनी या तिघांचे त्रिकूट गेल्या शतकाच्या उत्तरार्धात एवढे गाजले की त्यांची नावे लोक एका श्वासात घेत. त्रिकूटाचे कौशल्य कशात? तिघांनी एकच सूर लावला तर तो मेळा झाला. तिघांनी आपापला सूर लावला तर तो बाजार झाला. एकाने मुख्य चाल धरावयाची, दुसऱ्याने तिच्या खालचा सूर सांभाळावयाचा, तिसऱ्याने दोघांच्या मधली किंवा वरची जागा भरावयाची, आणि हे सगळे करताना शब्द मात्र शेवटच्या बाकावरील म्हातारीसही स्वच्छ ऐकू गेला पाहिजे, कारण विनोदाची किंवा टोमण्याची ओळ हुकली तर कांतार फुकट. गाणारा जेवढा गातो तेवढेच त्याला ऐकावेही लागते.

आता हे कोणी शिकविले? हॉटेलाने शिकविले नाही. ते शिकविले चर्चने. सोळाव्या शतकापासून गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळा होत्या, आणि त्या शाळांत धर्मशिक्षणाबरोबर मुलांस स्वरलिपी वाचावयास, दोन आवाजांत गावयास आणि रेबेक म्हणजे व्हायोलिन वाजवावयास शिकवीत. शिकविणारास ‘मेस्त’ म्हणत, आणि त्याची शिस्त कडक असे. मुलाने आधी सूर बोलून दाखवावयाचे, मग वाद्यास हात लावावयाचा. वाटेवरच्या क्रुसापुढे किंवा घरोघरी लदीन म्हणत ती दोन-तीन आवाजांत, व्हायोलिनच्या साथीने. मांडोसुद्धा दोन आवाजांतच गावयाचा. तेव्हा त्रिकूटाचे मूळ क्रुसापुढच्या लदीनीत आहे. तेथील गाणे रंगभूमीवर गेले, एवढेच.

जॅझ आले ते यानंतर. 1935 साली लिऑन अॅबी हे अमेरिकन नीग्रो वादक आपला बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आले. त्यांच्यामागून टेडी वेदरफर्ड आले, ते 1945 साली कलकत्त्यास वारले. या लोकांस साथीला वादक हवे होते, आणि कागदावरचे सुर पाहताक्षणी वाजविणारे लोक मुंबईत कोण होते? आपल्या मेस्ताचे विद्यार्थी! हळदोण्याचे आंतोनियु झेवियर वाझ हे ‘चिक चॉकलेट’ या नावाने ट्रम्पेट वाजवू लागले. कुडचड्याचे फ्रँक फर्नांड वेदरफर्ड यांच्या बँडात बसले. पुढे हेच लोक दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणास जाऊ लागले. आपल्या पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांनी 1951 सालच्या ‘अलबेला’मध्ये जे नवे वळण आणले, त्यात चिक चॉकलेट यांचा हात होता. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी तर 1958 साली मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात मोठा वाद्यवृंद उभा करून, भारतीय रागांस पाश्चात्य वाद्यमेळात बसविण्याचा प्रयोग केला. त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे गावयास उभे होते. तियात्राच्या पडद्यापुढे बसणारे वादकही याच जातीचे. क्रिस पेरी यांनी जॅझचे ताल आणि कोंकणी शब्द यांची अशी सांगड घातली, आणि लोर्ना कोर्देरो यांनी ती अशा काही धारदार आवाजात म्हटली, की 2014 साली त्याच गाण्यांच्या आधाराने ‘नाचुंया कुंपासार’ हा संबंध चित्रपट रचता आला.

तेव्हा ‘हॉटेलातले गाणे’ हा आक्षेप अर्धाच खरा. गाणे हॉटेलात गेले खरे, पण गाणारे देवळातून गेले होते. आणि जॅझ तरी जन्मले कोठे? ज्या अमेरिकन नीग्रो लोकांस गुलाम करून नेले होते, त्यांनी प्रार्थनामंदिरात एकाने हाक द्यावी व सर्वांनी ओ द्यावी अशा रीतीने देवाची गाणी म्हटली. जॅझमधील प्रश्नोत्तराची तऱ्हा त्याच मुळातून पोसली आहे. मेरी लू विल्यम्स ही जॅझची थोर पियानोवादक बाई 1957 साली कॅथलिक झाली. संत मार्टिन दी पोरेस यांस 1962 साली संतपद मिळाले, तेव्हा तिने त्यांच्या गौरवार्थ वृंदगायनाची एक जॅझ रचना केली, आणि 1975 साली न्यूयॉर्कच्या सेंट पॅट्रिक कॅथीड्रलमध्ये तिने रचलेल्या मिस्साचे गायन झाले.

येथे वडील मंडळी म्हणतील, “मग आता मिस्साला ढोल वाजवावयाचे की काय?” त्यांचा धाक मला कळतो. पोप दहावे पायस यांनी 1903 साली संत सिसिलियाच्या सणादिवशी आज्ञापत्र काढून चर्चमध्ये पियानो, ढोल व झांजा यांना मनाई केली आणि नाटकी ढंगाचे गाणे बाहेर काढले. त्या वेळी युरोपात देवळे ऑपेऱ्याच्या गाण्यांनी भरून गेली होती, त्यामुळे ते आवश्यकच होते. पुढे 1963 साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ग्रेगोरियन गायनाचा मान राखून, निरनिराळ्या लोकांच्या स्वतःच्या संगीतासही योग्य स्थान द्यावे असे सांगितले. माझे मत विचाराल तर वेदीपुढे संयमच शोभतो. तेथे गाणाऱ्याने दिसू नये. परंतु संमेलनाचा मांडव ही वेदी नव्हे. तेथे मुलांनी हसावे, हसवावे आणि टाळ्याही घ्याव्यात. जी मुले मांडवात तीन आवाजांत गावयास शिकतील, तीच नाताळच्या रात्री देवळात नीट गातील. आज आपल्या गायकवृंदात किती आवाज आहेत ते मोजा. पुष्कळदा एकच बाई सगळे गीत पेलते आणि बाकीचे पुटपुटतात. मेस्त राहिला नाही, स्वरलिपी वाचणारा उरला नाही. मला भय ढोलाचे वाटत नाही, या पुटपुटण्याचे वाटते.

तरुणांसही एक कडू गोष्ट सांगावयाची आहे. तुम्ही बसविलेले गाणे मी तालमीत ऐकले. आवाज चांगले आहेत. पण शब्द इंग्रजी, उच्चार उसने, आणि ध्वनिवर्धक एवढा मोठा की तीन आवाजांचा मेळ कोणास ऐकू यावा? तियात्राने जॅझ घेतले ते कोंकणीत घेतले, म्हणून ते आपले झाले. तुम्हांस मराठीत काय उणे आहे? इंग्लंडातून आलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी राशोल येथे 1616 साली आपल्या मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ छापविले. सुमारे अकरा हजार ओव्या, पहिल्या पुराणात जुना करार, दुसऱ्यात प्रभूचे चरित्र. ते गोव्याच्या देवळांत लोकांपुढे गाऊन वाचीत. 1684 साली पोर्तुगीज सरकारने देशी भाषा बंद पाडण्याचा हुकूम काढला. त्या ग्रंथाच्या मूळ तीन आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. लोकांनी हाताने उतरून घेतलेल्या पोथ्या तेवढ्या राहिल्या, आणि त्यांवरून 1907 साली मंगळूरला तो पुन्हा छापला गेला. ज्या काव्यासाठी अडाणी म्हटल्या गेलेल्या लोकांनी रात्री जागून अक्षरे गिरविली, ते आपल्या मुलांनी पाहिलेलेही नाही!

माझी सूचना अशी. संमेलनात इंग्रजी गाणे एक असू द्या. पण त्याबरोबर दुसऱ्या पुराणातील काना गावच्या लग्नाचा प्रसंग घ्या. त्यात नाट्य आयते आहे: संपलेला द्राक्षरस, मारियामातेची विनंती, गोंधळलेले सेवक, काहीच न कळलेला भोजनप्रमुख. निवेदन एकाने ओवीच्या जुन्या चालीवर म्हणावे; सेवकांची कामे त्रिकूटाने करावीत, आणि त्यांना तुमचा जॅझचा ताल द्यावा, कारण लग्नघरातली धावपळ त्या तालास शोभेल. मारियामातेच्या शब्दांच्या वेळी मात्र सगळी वाद्ये थांबवावीत. वडील मंडळींपैकी ज्यांना ओवीची चाल येते त्यांनी ती शिकवावी. ढोलाची तक्रार करावयाची असेल तर तालमीस बसून करावी.

फादरांनी शाळेची खोली दर रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर देण्याचे कबूल केले आहे. तेथील पायपेटीचा भाता फाटला आहे, तो आधी शिवून घ्यावयास हवा.