पाण्याचा घरगुती पंप : दोष आणि दक्षता
(ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांच्या मेळाव्यातील भाषण)



नळाचे पाणी जमिनीखालील टाकीत साठवावयाचे आणि विजेच्या लहान पंपाने ते गच्चीवरील टाकीत चढवावयाचे, ही व्यवस्था आता खेड्यांतील घरे, शाळा आणि ग्रामपंचायत कार्यालये येथेही रूढ झाली आहे. पंपाने पाणी उचलले नाही की घरातील कोणीतरी पाना घेऊन पुढे होतो. ही स्वावलंबनाची वृत्ती स्तुत्य होय. परंतु पाणी आणि वीज जेथे एकत्र येतात, तेथे उत्साहाला क्रमाची जोड हवी. आधी वीज तोडावी, मग दोष ओळखावा आणि आपल्या आवाक्यातील असेल तेवढीच दुरुस्ती करावी, असा हा क्रम आहे.

वीज तोडणे म्हणजे केवळ पंपाचे बटण बंद करणे नव्हे. जोडणी चुकीची असल्यास बटण बंद असतानाही पंपापर्यंत वीज पोहोचलेली असते. म्हणून मुख्य स्विच बंद करावा, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवावा आणि मगच पंपाला हात लावावा.

मोटार फिरते पण पाणी येत नाही, ही सर्वांत नेहमीची तक्रार. येथे दोष बहुधा मोटारीचा नसून पाण्याच्या मार्गाचा असतो. शोषनळीच्या टोकाशी असलेल्या फूटव्हॉल्व्हमध्ये, ज्याला काही भागांत ‘फुटबॉल’ म्हणतात, पाला किंवा खडा अडकला की नळीतील पाणी खाली उतरते आणि पंप हवा धरतो. पंपात पाणी भरून काही मिनिटे थांबावे. पाण्याची पातळी उतरू लागली, तर फूटव्हॉल्व्ह किंवा नळीचे सांधे तपासावेत. विहिरीवरील पंपाबाबत आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. हवेच्या दाबाने पाणी तत्त्वतः सुमारे 10 मीटर चढू शकते. व्यवहारात मात्र ही मर्यादा 6 ते 7 मीटरच असते. उन्हाळ्यात पातळी त्याखाली गेली, तर दोष पंपाचा नव्हे. अशा वेळी पंप कोरडा चालविल्यास त्याचे सील खराब होते.

मोटार नुसती गुणगुणते पण फिरत नाही, तेव्हा ती तत्काळ बंद करावी. अन्यथा वाइंडिंग जळते. विजेचा दाब कमी असणे, कपॅसिटर निकामी होणे किंवा पंपातील पंखा गंजून अडकणे, ही याची प्रमुख कारणे होत. वीज तोडून दांडा हाताने फिरतो का, एवढे पाहण्यास हरकत नाही. कपॅसिटरला मात्र हात लावू नये. वीज तोडल्यावरही त्यात भार शिल्लक राहू शकतो.

फ्यूज वारंवार उडत असेल, तर जाड तार घालणे हा उपाय नसून अपघाताला आमंत्रण होय. पंपाच्या सांगाड्याला किंवा नळाला झिणझिण्या येत असतील, तर मुख्य स्विच बंद करून परवानाधारक तारतंत्र्यास बोलवावे. योग्य अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअर गळतीस वीज तोडणारे उपकरण या दोन गोष्टी प्रत्येक पंपाला असल्याच पाहिजेत. पाण्यात बुडालेला पंप वर काढावयाचा असल्यास, वीज तोडून तो दोराने ओढावा, केबलने कधीही नव्हे.

शेवटचा इशारा सर्वांत महत्त्वाचा आहे. बंद टाकीत किंवा जुन्या विहिरीत प्राणवायू अपुरा असू शकतो आणि तेथे उतरलेला मनुष्य क्षणात बेशुद्ध पडतो. त्याला वाचविण्यासाठी मागोमाग उतरणाराही त्याच संकटात सापडतो. म्हणून फूटव्हॉल्व्ह नळीसह वर काढून बाहेरच साफ करावा. कोणाला विजेचा धक्का बसल्यास त्यास स्पर्श न करता प्रथम वीज तोडावी आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी.

शिक्षकांनी हा क्रम विद्यार्थ्यांना शिकवावा, ग्रामपंचायतींनी आपल्या इमारतींतील अर्थिंग दरवर्षी पावसाळ्यापूर्वी तपासून घ्यावे. बिघडलेला पंप दुसऱ्या दिवशी दुरुस्त होऊ शकतो. गेलेला माणूस मात्र परत येत नाही.