व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी नाईक यशवंत घाडगे



माणगावच्या तहसील कचेरीत कामानिमित्त जाणाऱ्यास तेथे एक पुतळा दिसतो. सातबाराच्या आणि दाखल्यांच्या घाईत पुष्कळ जण त्याकडे न पाहताच पुढे जातात. तो पुतळा नाईक यशवंत घाडगे यांचा आहे.

गाव पळसगाव, तालुका माणगाव. जिल्ह्याचे नाव तेव्हा कुलाबा. १९८१ पासून रायगड. यशवंतरावांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ चा. दुसऱ्या महायुद्धात ते पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये होते. नाईक म्हणजे मूठभर जवानांच्या सेक्शनचा म्होरक्या.

दिनांक १० जुलै १९४४. इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या कंपनीने शत्रूच्या बळकट ठाण्यावर चाल केली. अगदी जवळून मशीनगन सुरू झाली आणि सेक्शनमधील सारे जवान ठार वा जायबंदी झाले. उभे राहिले ते एकटे यशवंतराव. सोबत यायला आता कोणी उरले नाही, हे त्यांना पुरते ठाऊक होते. तरी टॉमीगन झाडीत ते थेट मशीनगनवर धावले. हातबाँब टाकून मशीनगन व ती चालविणारा निकामी केला, दुसऱ्यास गोळी घातली. गोळ्या संपल्या, मॅगझीन बदलण्यास सवड नव्हती. तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिनेच झोडपून ठार केले. इतक्यात दडलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत व पाठीत शिरल्या. एकट्याने जिंकलेल्या त्या मोर्चातच त्यांनी प्राण सोडला. वय अवघे बावीस.

ही पोवाड्यातील अतिशयोक्ती नव्हे. सरकारी गॅझेटातील मजकूर आहे. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीच्या रणांगणावर असे वीस क्रॉस दिले गेले, त्यांपैकी सहा हिंदी जवानांचे.

कोणी म्हणेल, इंग्रजांच्या फौजेत लढलेल्याचे एवढे कौतुक कशासाठी? १९४२ साली तर देश ‘चले जाव’ म्हणत होता. शंका रास्त आहे. परंतु त्या घटकेला यशवंतरावांच्या मागे कोणी राजा उभा नव्हता, भुईवर पडलेले सोबती होते. आणि समोर होती ती हिटलरची फौज.

त्यांची समाधी कोठेच नाही. इटलीत ५,७८२ हिंदी जवान पडले. ज्यांची कबर ठाऊक नाही अशा चार हजारांहून अधिक सैनिकांची नावे कॅसिनो येथील स्मारकावर कोरली आहेत, त्यांत हे एक नाव आहे. पुढे जुलै २०२३ मध्ये पेरुजाजवळील मोंतोने या गावाने, तेथील युद्ध-इतिहासकारांच्या साहाय्याने, आणखी एक स्मारक उभारले. ते सूर्यघड्याळ आहे. सावलीवरून वेळ दाखविते, आणि त्याला नाव दिले आहे पळसगावच्या यशवंत घाडग्यांचे.