पहारेकऱ्याचा भार

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यात आज दाखल्यांचे काम संगणकावर चालते. लॅपटॉप मंदावला की दाखल्यासाठी आलेल्या शेतमजुराची मजुरी बुडते. काही वेळा दोष यंत्राचा नसून त्यावर देखरेख ठेवणाऱ्या आज्ञावलीचा असतो. प्रोसेसर, स्मृती व तापमान यांची नोंद ती क्षणोक्षणी घेत राहिली, तर पहारेकरीच कोठारातले धान खाऊ लागतो. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या कळा एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडावा. सर्वाधिक भार कोणाचा, ते पाहावे. ती आज्ञावली तात्पुरती बंद करताच वेग परतला, तर कारण सापडले. मग नोंदींमधील अंतर वाढवावे. मात्र कार्यालयाने बसविलेली आज्ञावली वरिष्ठांच्या अनुमतीवाचून काढू नये.